कामाचे आठवडे आणि रिकामे आठवडे

आमच्या तालुक्याच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. म्हणून आसपासच्या खेड्यांत मजुरीचा पगार सोमवारी संध्याकाळी होतो. टोळीची मुकादमीण मळ्याच्या मालकाकडून रक्कम घेऊन येते, मारुतीच्या पाराजवळ बायका गोळा होतात, कोणाचे सहा रोज भरले, कोणाचे पाच, कोणाचा अर्धा रोज कापला, यावर थोडी वादावादी होते आणि जो तो आपापले पैसे पदराच्या गाठीला मारून घरी जातो. मंगळवारी दुपारी त्याच बायका बाजारातून परत येताना दिसतात. पिशवी भरलेली आणि गाठ सुटलेली. बुधवारपासून पुन्हा सोमवारची वाट.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या कोरडवाहू पट्ट्यात मी शेतकी खात्यात नोकरी करतो. बी.एस्सी. झालो राहुरीला, १९९१ साली. निवृत्तीला आता दोन वर्षे उरली. इतक्या वर्षांत कांद्याची रोपवाटिका, मक्यावरची लष्करी अळी, ठिबकचे अनुदान यांवर किती सभा घेतल्या याची गणती नाही. सभेला पुरुष पुढे बसत, बायका मागे, पदर सावरून. एकरी खर्च किती, उत्पन्न किती, हे मी फळ्यावर लिहून दाखवी. पण त्या मागच्या रांगेतल्या बाईचा सोमवार ते सोमवारचा हिशेब कसा चालतो, हे मला बरेच उशिरा कळले. त्यासाठी एका बाईचे नुकसान व्हावे लागले, आणि ते माझ्या सल्ल्याने झाले. ती गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

वास्तविक मला हे घरातूनच कळायला हवे होते. मी मजूर बाईचा मुलगा. दोन एकर हलकी जमीन होती, पण तिच्यावर सहा माणसे जगत नव्हती. १९७९ च्या जानेवारीपासून रोजगार हमीचा कायदा लागू झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई नालाबांधाच्या कामावर जायची. तिथे कामाच्या मोजमापावर दर, बाई-पुरुष असा भेद नाही, याचे तिला फार अप्रूप होते. हजेरीपट अंगठा घेऊन मिटला की ती घरी येऊन चुलीपुढे बसे आणि पैशांचे ढीग करी. एक दळणाचा, एक मीठ-मिरची-तेलाचा, एक आमच्या वह्यांचा. आणि शेवटी एखादे नाणे उचलून उतरंडीकडे जाई. ज्यांनी उतरंड पाहिली नाही अशा आजच्या मुलींसाठी सांगतो, घराच्या कोपऱ्यात एकावर एक मडकी रचलेली असत. वर रिकामी बोळकी, मधे डाळी, बियाणे. सर्वांत खालच्या मडक्यात काय आहे हे फक्त घरच्या बाईलाच ठाऊक असे, कारण तिथपर्यंत पोचायला सगळी मडकी उतरवावी लागत. ती तसदी पुरुष कधी घेत नसत.

काम रोज नसे. पाऊस लागला की काम बंद, मोजणी रखडली की पगार बंद. त्या दिवसांत आई उतरंड उतरवी. आम्हाला वाटे ती मडकी पुसते आहे. राहुरीला वसतिगृहात दाखल होताना भरायची अनामत रक्कम त्या खालच्या मडक्यातूनच निघाली होती. इतके डोळ्यांनी पाहूनही पुढे मी शहाणा झालो आणि हे सारे विसरलो.

२०११ साली माझ्याकडच्या एका गावात एक बाई होत्या. नाव सांगत नाही, मी त्यांना ताई म्हणतो. घरची एक एकर जमीन, नवरा साधा माणूस, व्यसन नाही, दोन मुली. ताई वर्षभर मजुरीला जायच्या आणि त्यांनी चार-पाच वर्षांत १४,००० रुपये मागे टाकले होते. थोडे बचत गटात, थोडे घरात. मी त्यांना गाठले आणि सांगितले, हा पैसा पडून काय उपयोगाचा? गाय घ्या. बँकेचे ३०,००० चे कर्ज मिळते, तुमचे १४,००० घाला, ४४,००० ची संकरित गाय दारात येईल. कागद काढला आणि मांडणी केली. दिवसाला १० लिटर, दिवस ३००, दर १७ रुपये, म्हणजे ५१,००० चे दूध. खुराक-चाऱ्याला ३०,००० जातील. बँकेचे हप्ते वर्षाचे १२,०००. राहिले ९,०००. तिसऱ्या वर्षानंतर कर्ज फिटले की एकवीस हजार निव्वळ. माझे अक्षर चांगले आहे. कागद सुबक दिसत होता.

गाय आली. पहिले चार महिने दूध माझ्या कागदाबरहुकूम निघाले. दहा दिवसांनी डेअरीचा पगार, ताई खूष, मीही खूष. तालुक्याच्या बैठकीत मी हे उदाहरण दोनदा सांगितले. पाचव्या महिन्यात गाईला कासदाह झाला आणि एक सड गेला. दूध निम्म्यावर आले. डॉक्टर, सलाईन, औषधे, सगळे रोखीने. मग गाय तीनदा भरवली आणि तीनही वेळा उलटली. त्यात थोरल्या मुलीचे आजारपण निघाले. गाय भाकड असो की दुभती, तिला रोज चारा लागतो आणि बँकेला दर महिन्याला हप्ता. गाईच्या राखणीपायी ताईंची मजुरीही कमी झाली होती, हे तर मी कागदावर धरलेच नव्हते. हातात काही शिल्लक नाही, कारण शेवटचा रुपयासुद्धा गाईत घातलेला. ताईंनी ८,००० रुपये शेकडा पाच रुपयांनी उचलले. म्हणजे महिन्याला ४०० रुपये नुसते व्याज. वर्षाला साठ टक्के. आठव्या महिन्यानंतर गाय बाजारात नेली, ती १७,००० ला गेली. बँकेचे पाच-एक हजार आणि सावकाराचे आठ हजार अंगावर राहिले, ते त्यांनी पुढे दोन वर्षे निंदणी करून फेडले.

मी त्यांच्या दारापुढून जाताना मोटारसायकल जरा जोरात काढीत असे. एकदा त्यांनीच हटकले. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कागदावरची गाय आजारी पडत नव्हती."

यावर मी पुष्कळ विचार केला. गाय घेणे चुकीचे नव्हते. दुधाचा धंदा करून वर आलेली कितीतरी घरे याच भागात आहेत. चूक अशी की जिच्या घरात आठवड्याची मिळकत आठवड्यात संपते, तिच्या हातातला तेवढाच आधार मी काढून घेतला आणि त्याला भांडवल असे नाव दिले. शेतकऱ्याला आम्ही सांगतो की सगळे बी एकाच वावरात टाकू नको. बाईला मात्र तिचे सगळे पैसे एका गाईत टाकायला सांगितले. १४,००० पैकी निदान पाच हजार हलवू नका, दोन शेळ्यांपासून सुरुवात करा, इतके जरी बोललो असतो तरी पुरे होते.

नंतर २०१८ साल आले. पाऊस दगा देऊन गेला आणि ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी ताईंनी मला पुन्हा थांबवले. या वेळी त्यांचाच प्रश्न होता. "भाऊ, गाय नको, कर्ज नको. मला एवढंच सांगा, मी माघात सहा रोज भरते तरी आखाडात दुकानाची उधारी का होते?"

साहेबाचा भाऊ झालो होतो, म्हणून जरा धीर आला. पण उत्तर माझ्यापाशी नव्हते. तेव्हा धाकटी मुलगी नववीत होती. तिला एक वही आणून दिली आणि सांगितले, आई दर सोमवारी किती रोज भरून आली एवढेच लिही. खर्च लिहू नको. खर्च लिहायला सांगितला की माणसाला पोलिसासमोर उभे राहिल्यासारखे वाटते आणि चौथ्या दिवशी वही कोनाड्यात जाते, हा माझा अनुभव आहे.

वर्षाने वही पाहिली. १७१ रोज भरले होते. तेव्हा बाईचा रोज २०० रुपये होता, म्हणजे ३४,२०० रुपये झाले. ताईंना स्वतःलाच खरे वाटेना, एवढे पैसे आपल्या हातून गेले? पण खरी गोष्ट पुढे होती. हे १७१ रोज ५२ आठवड्यांत नव्हते, ३१ आठवड्यांत होते. रांगड्या कांद्याची लागवड, उन्हाळ कांद्याची लागवड, मग काढणी, आणि मधे निंदणी. या ३१ आठवड्यांत सोमवारी हजार-बाराशे रुपये हातात यायचे. उरलेले २१ आठवडे जवळजवळ कोरडे. काढणी संपली की चैत्र-वैशाखानंतर रोज थांबतो तो पाऊस पडून निंदणी निघेपर्यंत. पावसाने ओढ दिली की आणखी लांबतो. त्याच दिवसांत शाळा उघडते, बी-खत घ्यायचे असते, घर गळू लागते, आणि आखाडात लेक माहेरी येते.

मी ३४,२०० ला ५२ ने भागले. आठवड्याला सुमारे ६५० रुपये आले. बाराशे हातात आले म्हणून बाराशेचा बाजार केला तर तो खऱ्या अर्थाने दोन आठवड्यांचा बाजार एका दिवशी झाला. आणि पुढचा कोरडा आठवडा वाण्याच्या वहीत गेला. उधारीला व्याज नाही असे आपण म्हणतो. पण उधारीवालीला माल निवडता येत नाही, दुसऱ्या दुकानी जाता येत नाही, भाव विचारायची तर सोयच नाही. रोख घेणारी बाई गूळ हातात घेऊन पाहते. उधारीवाली मान खाली घालून पुडा उचलते. हे व्याजच म्हणायचे, फक्त ते वेगळ्या रकान्यात मांडलेले असते.

आता बाराशेवरून ६५० वर एकदम कसे यायचे? येता येत नाही. तसे सांगणारा माणूस बाजारात कधी गेलेला नसतो. एका सभेत आमच्याच एका वक्त्याने बायकांना चहा आणि बांगड्या कमी करायला सांगितले होते. सहा तास वाकून कांदा लावणाऱ्या बाईने चहा सोडावा म्हणजे महिन्याला किती पैसे वाचतील याचा हिशेब त्याने केला होता, तिची पाठ कोण चोळणार याचा केला नव्हता. ताईंशी बोलून आम्ही दीडशे रुपयांवर आलो. कामाच्या आठवड्यात सोमवारी रात्री, बाजाराची पिशवी खुंटीवरून काढण्याआधी, दीडशे रुपये बाजूला. उरतील ते बाजाराचे. बाजार करून उरले तर ठेवीन असे म्हटले तर काही उरत नाही, हे कोणाही बाईला सांगावे लागत नाही.

३१ आठवड्यांचे ४,६५० रुपये झाले. मधे मक्याच्या बियाण्याच्या वेळी नवऱ्याने मागितले. नाही कसे म्हणायचे? त्यांनी २,००० दिले, पण मुलीकडून वहीत लिहून घेतले, "बाबांना उसने." नवरा हसला. मका विकल्यावर त्याने १,५०० आणून दिले, पाचशे बुडाले. मला वाटते वहीत लिहिले नसते तर दोन्ही हजार गेले असते, आणि त्याचा त्यात काही दोषही नसता. घरात एकमेकांचे पैसे जातात ते चोरीने जात नाहीत. ते कोणाचे होते याची आठवण राहत नाही म्हणून जातात. शिल्लक ४,१५० मध्ये पुढच्या वर्षीचे कोरडे सहा आठवडे रोखीने निघाले. एकवीसपैकी सहाच. ऐकायला थोडे वाटते. ताईंना विचारा. वाण्याच्या दुकानापुढून जाताना त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा वर पाहिले, असे त्या सांगतात. नंतर टाळेबंदी आली, आठवडे बाजार बंद झाले, तेव्हा दुसऱ्या वर्षीच्या डब्याने घर धरून ठेवले.

पैसे ठेवायचे कुठे, यावर बायका मला हमखास विचारतात. डब्यात ठेवलेला पैसा हाताशी असतो, आणि तोच त्याचा दोषही. दोन-तीन आठवड्यांच्या बाजाराइतका डब्यात असावा, त्यापुढचा घराबाहेर. बचत गट नीट चालत असेल तर उत्तम. तिथे बहुधा शेकडा दोन रुपये महिना व्याज असते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, पण ते व्याज गटातच राहते आणि आपल्याच वाट्याला परत येते. गट नीट चालतो की नाही हे ओळखायची खूण म्हणजे सभेत वही मोठ्याने वाचली जाते का. ज्या गटाची वही अध्यक्षीणबाईंच्या कपाटात असते, तिथे जरा जपून. पोस्टाचे आवर्ती खाते महिन्याला शंभर रुपयांपासून काढता येते. ते पाच वर्षांचे असते, आणि बारा हप्ते नियमित भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, ही सोय पुष्कळांना ठाऊक नाही. मात्र हप्ता दरमहा भरावा लागतो. ज्यांचे पैसे कामाच्याच महिन्यांत येतात त्यांनी शंभराच्या वर उडी मारू नये.

बँकेतली खाती आता बहुतेकींची आहेत. २०१४ साली जनधनची खाती निघाली, २०२४ साली लाडक्या बहिणीचे दीड हजार येऊ लागले, तेव्हा तर राहिलेल्यांनीही रांगा लावून खाती उघडली. पण मी जिथे जातो तिथे एक प्रश्न विचारतो. पैसे जमा झाल्याचा निरोप कोणाच्या मोबाईलवर येतो? दहांपैकी सहा-सात जणी म्हणतात, मुलाच्या, नाहीतर मालकांच्या. एटीएमचे कार्डही तिकडेच आणि चार आकडीही तिकडेच. मग खाते कोणाचे? बँकेत अर्ज देऊन मोबाईल नंबर बदलता येतो. घरात भांडण काढायचे कारण नाही, मोबाईल नवा घेतला एवढे निमित्त पुरते. आणि सरकारी हप्त्याचा पैसा आठवड्याच्या बाजारात धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो ठरल्या तारखेला येईलच याचा भरवसा नसतो. आला की वेगळा, कोरड्या आठवड्यांसाठी.

फायनान्सवाल्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आता गावोगाव ओट्यावर दहा-दहा बायका गोल करून बसलेल्या दिसतात. कर्ज दारात मिळते, जामीन-तारण लागत नाही, सावकारापेक्षा व्याज कमी, हे सगळे खरे. पण व्याज दोन तऱ्हांनी सांगतात. दहा हजार कर्ज, बारा टक्के, वर्षात ११,२०० फेडायचे, असे कोणी सांगितले की बारा टक्केच वाटतात. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर घेतलेले असते. खरा दर वीस टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून विचारायचे, घटत्या शिलकीवर दर किती? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून नियम लागू केले आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. आणि असे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही. पण माझी भीती वेगळीच आहे. हप्ता येतो ५२ आठवडे आणि मजुरी येते ३१ आठवडे. कोरड्या आठवड्यातला हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज, तिचा हप्ता भरायला तिसरीचे. ज्या बाया या चक्रात सापडल्या त्या उधळ्या नव्हत्या. एकीने मुलीच्या बाळंतपणासाठी घेतले होते, एकीने पतीच्या ऑपरेशनसाठी. दीडशे-दीडशेचा डबा असता तर ऑपरेशन त्यातून झाले नसते हे मलाही कळते. पण पहिले तीन-चार हप्ते निघाले असते, आणि दुसऱ्या कंपनीचे दार ठोठवायची वेळ निदान पुढे गेली असती.

आता माझ्या घरची गोष्ट. ती सांगायला जीभ जड होते.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले. आई तेव्हा सत्तरीची, आमच्याकडेच राहत होती. उतरंड केव्हाच गेली होती, स्टीलचे डबे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत असताना ती येऊन उभी राहिली आणि पदराखालून एक फडके काढले. हजाराच्या तीन नोटा, पाचशेच्या नऊ. साडेसात हजार रुपये. मी दिलेल्या खर्चाच्या पैशांतून, बहिणीने दिवाळीला दिलेल्या ओवाळणीतून, शेंगा निवडून मिळालेल्या चार पैशांतून साठवलेले. त्या आठवड्यात घरोघरी हेच चालले होते. कुठे गव्हाच्या कणगीतून, कुठे गोधडीच्या शिवणीतून नोटा निघत होत्या. पुरुषमंडळी पारावर हसून सांगत, "आमच्या हिच्याकडं इतके निघाले!" मीही हसलो.

आई म्हणाली, "भाऊ, हे वाया जातील का?"

मी म्हणालो, "नाही जाणार. ३० डिसेंबरपर्यंत खात्यात भरायचे आहेत. तुझं खातं कुठे आहे? मी माझ्या खात्यात भरून टाकतो. लागतील तसे माग."

बँकेपुढे रांगा होत्या, तिला घेऊन उभे राहणे अवघड होते, हे सगळे खरे. तिने काही न बोलता फडके माझ्या हातात दिले. रिकामे फडके मी परत दिले, ते तिने घडी करून कमरेला खोचले.

लागतील तसे माग, असे मी सांगितले होते. तिने मागितले नाहीत. मला वाटले, तिला लागतच नसतील, घरात काय कमी आहे? चैत्र आला. चैत्रात ती दरवर्षी सप्तशृंगीच्या गडावर जायची, गावच्या बायकांबरोबर एस. टी. ने. त्या वर्षी म्हणाली, गुडघे दुखतात. धाकटा नातू खाऊला पैसे मागायचा तर त्याला म्हणायची, बापाकडं माग. दारी वासुदेव आला तर उठून आत जायची. हे मी पाहत होतो आणि माझ्या ध्यानात येत नव्हते. ध्यानात आणून दिले माझ्या पत्नीने. एके रात्री जेवताना ती म्हणाली, "आईंचे गुडघे तुमच्या पासबुकात अडकलेत."

मी गावोगाव फळ्यावर बायकांची बचत शिकवणारा माणूस! ताईंचे चौदा हजार गाईत घालायला लावले ते निदान त्यांच्या नावावरच्या गाईत. आईचे तर मी सरळ माझ्या नावावर घेतले, आणि वर तिला मुभा दिली की माग. वाईट हेतू नव्हता. पण त्या साडेसात हजारांचा अर्थ एवढाच होता की ते कोणाला मागावे लागत नाहीत. तो अर्थ गेल्यावर खात्यात आकडा तसाच राहून काय उपयोग?

२०१७ च्या मे महिन्यात तिला घेऊन बँकेत गेलो. खाते उघडले, त्यात साडेसात हजार भरले. सही येत नव्हती, अंगठा घेतला. हजेरीपटावर उठवून उठवून तो इतका झिजला होता की यंत्रावर उमटेना. बँकेतल्या मुलीने तीनदा पुसून घेतला, चौथ्यांदा उमटला. पासबुकावरचा स्वतःचा फोटो आईने बराच वेळ पाहिला. मग काउंटरवरच्या मुलीला विचारले, "बाई, यातले आता काढता येत्यात का?"

मी म्हणालो, "अगं, आत्ताच तर भरले."

"तू थांब," ती मला म्हणाली.

तिने पाचशे काढले. शंभराच्या पाच नोटा स्वतः मोजल्या, तेच फडके काढून त्यात बांधल्या आणि कमरेला खोचल्या. घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतले, आणि आतून डबे सरकवल्याचा आवाज आला. मी पाटावर बसून राहिलो. पुढल्या चैत्रात ती गडावर गेली. २०१९ साली ती वारली. त्यानंतर आम्ही स्वयंपाकघरातला एकही डबा उघडून पाहिला नाही. ते काम पत्नीने एकटीने केले, आणि काय निघाले ते मी तिला विचारलेले नाही.